उबुंटू ६.१० आणि /बिन/एसएच: एका बदललेल्या सिमलिंकचं प्रकरण

२६ ऑक्टोबर २००६ रोजी उबुंटू या लिनक्स प्रणालीची ६.१० ही आवृत्ती आली. तिच्यात /बिन/एसएच ही सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव, बॅशवरून काढून डॅशकडे वळवलेली होती. दोन्ही शेल, म्हणजे कमांडी वाचून चालवणारे प्रोग्राम. टर्मिनल उघडलं की पूर्वीसारखा बॅशच समोर यायचा, त्यामुळे साध्या वापरात कुणाला फरक जाणवण्याचं कारण नव्हतं. फरक जाणवला तो सोर्स कोडवरून बिल्ड करणाऱ्यांना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्यांना. मागच्या आवृत्तीवर बिनतक्रार चालणाऱ्या मेकफाइल (मेक या साधनाला बिल्ड कसा करायचा ते सांगणाऱ्या फाइल) अडायला लागल्या, इन्स्टॉलर मध्येच थांबायला लागले, आणि ज्यांच्या कोडमध्ये एका अक्षराचाही बदल झाला नव्हता त्यांच्या दारात बग येऊन पडू लागले.

प्रकरण जुनं आहे. तरी बिल्ड स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते मुळापासून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या वेळी ज्या चुका उघड्या पडल्या त्याच आजही नव्याने लिहिल्या जातात. शिवाय त्यातला मोठा धोका गाजावाजा झाला तिथे नव्हता. जे बिल्ड फुटले त्यांची ओरड झाली आणि ते दुरुस्तही झाले. जे फुटले नाहीत आणि काहीतरी चुकीचं बनवून 'यशस्वी' म्हणून संपले, त्यांची नोंद फार कमी झाली. मला त्यांच्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

एसएच नावाआड कोण होतं

एसएच हे नाव मूळ बोर्न शेलचं. स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला हा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्यानंतर डेव्हिड कॉर्न यांचा कॉर्न शेल आला, आणि ॲरे, दुहेरी चौकटी कंस अशा सोयी त्यातून पसरल्या. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला. त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांचा ॲश प्रसिद्ध झाला. ॲश नेटबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या प्रणालीत गेला, तिथून १९९७ मध्ये हर्बर्ट शू यांनी तो लिनक्सवर आणला, आणि २००२ पासून तो डॅश या नावाने ओळखला जातो, म्हणजे डेबियन आल्मक्विस्ट शेल; डेबियन ही उबुंटूचा पाया असलेली लिनक्स प्रणाली. या सगळ्या घडामोडींच्या मधोमध, १९९२ साली, पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाने शेलची भाषा आणि सोबतची साधनं कशी वागली पाहिजेत याचं प्रमाण ठरवलं.

तेव्हा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहिणं म्हणजे एक करार होता: या स्क्रिप्टला प्रमाणित शेल पुरे, त्यापलीकडचं काही लागत नाही. लिनक्सवर मात्र बहुतेक ठिकाणी त्या नावाआड बॅश बसलेला असे. आणि बॅशला एसएच या नावाने हाक मारली की तो पॉझिक्स मोडमध्ये जातो, हे खरं असलं तरी त्या मोडचा अर्थ लोक चुकीचा लावतात. जिथे प्रमाण आणि बॅशची सवय यांच्यात सरळ विरोध आहे, तिथे तो प्रमाणाची बाजू घेतो. बाकी जे त्याचं स्वतःचं जास्तीचं आहे ते तसंच चालू ठेवतो. दुहेरी चौकटी कंस चालतात, ॲरे चालतात, दोन बरोबर चिन्हांची तुलना चालते, महिरपी कंसातली यादी उलगडली जाते. म्हणजे करार कुणी मोडतंय हे सांगायला त्या यंत्रावर कोणी नव्हतंच. वर्षानुवर्षं माणसं एसएचच्या नावाखाली बॅश लिहीत होती आणि त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे '२००६ मध्ये उबुंटूने स्क्रिप्ट मोडल्या' हे वाक्य मला पटत नाही. स्क्रिप्ट आधीच मोडलेल्या होत्या. त्या सापडल्या २००६ मध्ये.

उबुंटूने हे का केलं

कारण सरळ होतं: मशीन लवकर सुरू व्हावं. तेव्हाच्या बूट प्रक्रियेत एकामागून एक शेल स्क्रिप्ट चालत, आणि प्रत्येकीसाठी नवा शेल उभा राहायचा. डॅश आकाराने बॅशच्या साधारण दहाव्या भागाएवढा आहे. त्यात कमांड संपादित करणं, जुन्या कमांडींची यादी, टॅब दाबून नाव पूर्ण करणं, असा माणसाच्या सोयीचा पसारा नाही. सी लायब्ररी सोडली तर त्याला दुसरी लायब्ररी लागत नाही. त्यामुळे तो पटकन उभा राहतो आणि पटकन संपतो. एका स्क्रिप्टला हा फरक नगण्य, पण बूट होताना आणि पॅकेज बसवताना असंख्य वेळा शेल सुरू होतो, तिथे त्याची बेरीज होते. याच आवृत्तीत अपस्टार्ट ही नवी सुरुवातीची प्रणालीही आली होती, म्हणजे रोख एकाच दिशेने होता.

वेळ मात्र कमी होता. आधीची ६.०६ आवृत्ती एप्रिलची जूनवर गेली होती, १ जूनला आली, आणि ६.१० तर ऑक्टोबरमध्येच यायची ठरलेली. पाच महिनेही हातात नव्हते. ६.०६ ही दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती असल्याने पुढच्या आवृत्तीत नवे प्रयोग करायचे हे उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी आधीच जाहीर केलं होतं. निर्णय मला योग्यच वाटतो. घाई झाली ती पद्धतीत. उबुंटूने स्वतःच्या पॅकेजांमधल्या स्क्रिप्ट तपासल्या, पण उबुंटूवर बिल्ड होणारा कोड काही फक्त उबुंटूच्या पॅकेजांतला नसतो. कंपन्यांच्या खाजगी कोडमधल्या मेकफाइल, हार्डवेअरसोबत येणारी एसडीके (विकासाच्या साधनांचे संच), विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले बिल्ड, हे कुठल्याही डिस्ट्रिब्युशनच्या नजरेत येत नाहीत.

मेकफाइलच का सापडली

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण ती न कळल्याने माणसं तासन्‌तास भलत्या ठिकाणी शोधत बसतात. ग्नू मेक प्रत्येक रेसिपीतली, म्हणजे कोणत्या कमांडी चालवायच्या त्या यादीतली, ओळ /बिन/एसएचला देतो. तुमचा लॉगिन शेल बॅश असो, झेडशेल असो, मेकला त्याच्याशी देणंघेणं नाही. शेल नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तो बाहेरून मुद्दाम उचलत नाही, जेणेकरून एकाच मेकफाइलचं वागणं माणसागणिक बदलू नये. सी मधलं सिस्टिम हे फंक्शनही /बिन/एसएचच वापरतं. अनेक भाषांमधल्या 'बाहेरची कमांड चालव' छापाच्या सोयींचंही तेच.

म्हणून अनुभव असा येतो की मेकफाइलमधली ओळ उचलून टर्मिनलमध्ये डकवली तर चालते, आणि मेकमधून चालवली तर चालत नाही. एकच यंत्र, एकच माणूस, एकच ओळ. ज्याला मधला शेल बदललाय हे माहीत नाही त्याला हे कोडं सुटणं अवघड आहे.

आवाज करणारे आणि गप्प राहणारे

आवाज करणारे लवकर उरकतो. सोर्स ही कमांड डॅशला ठाऊक नाही. प्रमाणात त्यासाठी फक्त टिंब आहे. डॅश 'सापडत नाही' म्हणतो. फंक्शन हा शब्द लिहून पुढे नाव आणि कंस दिले की वाक्यरचनेची चूक दाखवून तो तिथेच थांबतो. व्हेरिएबलमधला मजकूर दोन तिरक्या रेघांनी बदलायला गेलात तर 'चुकीचं सब्स्टिट्यूशन' म्हणतो. या सगळ्यांत ओळ क्रमांक मिळतो, बिल्ड थांबतो, माणूस दुरुस्त करतो. त्रास होतो, पण नुकसान होत नाही.

आता दुसरा प्रकार. मेकफाइलमध्ये एक ओळ आहे जी बिल्डच्या वेळी एक हेडर फाइल तयार करते. हेडरमध्ये एक मॅक्रो, मॅक्रोची किंमत म्हणजे अवतरणचिन्हांतला एक संदेश, आणि संदेशाच्या शेवटी बॅकस्लॅश व एन ही जोडी, म्हणजे सी भाषेतली नवी ओळ. हे सगळं इको ही मजकूर छापणारी कमांड वापरून फाइलमध्ये लिहिलं जातं. बॅशचा इको ती दोन अक्षरं जशीच्या तशी उतरवतो. डॅशचा इको त्यांचा अर्थ लावतो आणि त्या जागी खरोखरची नवी ओळ घालतो. आता हेडरमध्ये अवतरणचिन्ह एका ओळीत उघडलंय आणि पुढच्या ओळीत बंद झालंय. कंपायलर म्हणतो, शेवटचं अवतरणचिन्ह नाही. शेलचा उल्लेख कुठेच नाही. ज्या फाइलमध्ये चूक दाखवली ती रिपॉझिटरीत नाही, ती बनवलेली आहे. आणि बनवणारी ओळ वाचली तर तिच्यात चूक दिसत नाही.

याच इकोची उलटी बाजूही तितकीच त्रासाची. बॅशमध्ये बॅकस्लॅशचा अर्थ लावायचा असेल तर इकोला 'वजा ई' द्यावं लागतं. डॅशला असा पर्यायच नाही, तो 'वजा ई' ही अक्षरंच छापतो. बनवलेल्या सी फाइलच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीला '-ई' येऊन बसतं आणि कंपायलर गोंधळतो. यात डॅश काही नियम मोडत नाही. पहिलाच शब्द 'वजा एन' असेल किंवा मजकुरात बॅकस्लॅश असेल तर इकोने काय करावं हे पॉझिक्सने प्रत्येक शेलवर सोडलेलं आहे. उपाय प्रिंटएफ ही छापण्याची दुसरी कमांड हा आहे, ती सगळीकडे सारखी वागते. बनवलेल्या फाइलसाठी इको वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे, समोरचा शेल कोणताही असो.

तरी इकोची चूक निदान कंपायलरपाशी तरी अडते. '&>' या जोडीचं तसं नाही. बॅशमध्ये ती लिहिली की साधं आउटपुट आणि एरर दोन्ही एकाच फाइलमध्ये जातात. डॅशला ही जोडी माहीत नाही, पण तिच्यातली दोन्ही चिन्हं सुटी सुटी माहीत आहेत. '&' म्हणजे आधीची कमांड पार्श्वभूमीत सोड. '>' म्हणजे पुढच्या नावाची फाइल रिकामी करून उघड. वाक्यरचनेत काहीच चूक नाही, म्हणून तो तक्रार करत नाही. एखाद्या स्क्रिप्टमध्ये 'मेक &> लॉग' आणि त्यापुढे 'ते जमलं तर इन्स्टॉल कर' असं लिहिलं असेल तर डॅशमध्ये काय होतं ते पाहा. मेक पार्श्वभूमीत सुरू होतो. लॉग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. रिकामी फाइल उघडण्याचं काम यशस्वी झालं, एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा; शून्य म्हणजे यश) शून्य, म्हणून इन्स्टॉल लगेच सुरू होतं. कंपाइल अजून चाललेलंच आहे. प्रोजेक्ट लहान असेल आणि यंत्र वेगवान, तर कधी कधी हे निभावूनही जातं. दुसऱ्या दिवशी त्याच कोडवर नाही निभावत.

याच जोडीचा सगळ्यात वाईट वापर तपासणीत होतो. एखादं साधन यंत्रावर आहे का हे पाहण्यासाठी लोक लिहितात: इफ, मग साधन शोधणारी कमांड, मग &>, मग /डेव्ह/नल, म्हणजे तिच्यात लिहिलेलं सगळं टाकून देणारी फाइल. डॅशमध्ये शोधणारी कमांड पार्श्वभूमीत जाते, तिचं उत्तर कुणी पाहत नाही, आणि अट ठरते ती /डेव्ह/नल उघडता आलं का यावर. ते नेहमीच येतं. म्हणजे ही तपासणी कायम 'हो' म्हणते. साधन नसलं तरी हो. बिल्ड त्या भरवशावर पुढे जातो आणि मैलभर पुढे कुठेतरी कोसळतो, किंवा कोसळतही नाही.

दोन बरोबर चिन्हांची गोष्ट याच्या नेमकी उलट. एकेरी चौकटी कंसातल्या तुलनेत प्रमाणाप्रमाणे एकच बरोबर चिन्ह लागतं. दोन लिहिली तर डॅश 'अनपेक्षित ऑपरेटर' असा संदेश देतो आणि एक्झिट कोड २ परत करतो. इफला फक्त शून्य की शून्य नाही एवढंच कळतं. शून्य नाही म्हणजे अट खोटी. स्क्रिप्ट एल्सच्या वाटेने पुढे निघते. अट जर 'हे वैशिष्ट्य चालू ठेवायचंय का' अशी असेल तर वैशिष्ट्य बंद होतं. संदेश छापला जातो खरा, पण कॉन्फिगर या, बिल्डआधी यंत्र तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये तो एक ओळ असतो आणि कुणाच्या डोळ्यांसमोरून जातो न जातो. बिल्ड पूर्ण होतो. प्रोग्राम चालतो. फक्त त्यात एन्क्रिप्शन नसतं, किंवा एखाद्या फाइल प्रकाराचा आधार नसतो. तक्रार येते तेव्हा ती वापरणाऱ्याकडून येते, आणि ती बिल्डपर्यंत मागे नेणारा कुणी भेटायला नशीब लागतं.

महिरपी कंसांचंही असंच. एका कमांडीत तीन डिरेक्टरी बनवायच्या म्हणून नावं स्वल्पविरामांनी कंसात लिहिली, तर डॅश ती उलगडत नाही. कंस आणि स्वल्पविरामांसकट तेच नाव असलेली एकच डिरेक्टरी बनवतो आणि यशस्वी म्हणून परत येतो. असल्या नावाची डिरेक्टरी प्रोजेक्टमध्ये दिसली की समजावं.

कॉन्फिगर स्क्रिप्टची लपलेली पळवाट

ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्ट त्या मानाने कमी का फुटल्या, हा प्रश्न मला बराच काळ होता. ऑटोकॉन्फचे लेखक पोर्टेबल शेलबाबत अत्यंत काटेकोर. त्यांच्या मॅन्युअलमध्ये या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. पण कॉन्फिगरमध्ये प्रोजेक्टच्या लेखकाने स्वतः लिहिलेले तुकडेही असतात, आणि दोन बरोबर चिन्हं तिथेच सगळ्यात जास्त सापडतात.

उत्तर असं की कॉन्फिगर सुरू होताच आपण ज्या शेलमध्ये चालतोय तो पुरेसा सक्षम आहे का हे तपासतो. त्या तपासणीत एक गोष्ट अशी: चालू ओळीचा क्रमांक सांगणारा व्हेरिएबल शेलकडे आहे का. डेबियन आणि उबुंटूच्या डॅशमध्ये तो नव्हता. मग कॉन्फिगर दुसरा बरा शेल शोधतो, त्याला बॅश सापडतो, आणि तो स्वतःला बॅशमध्ये पुन्हा सुरू करतो. म्हणजे एसएच डॅश झाला तरी कॉन्फिगरमधले बॅशचे तुकडे बॅशमध्येच चालत राहिले आणि त्यांचं पितळ उघडं पडलं नाही. पुढे मूळ डॅशमध्ये हा व्हेरिएबल आला, तेव्हा तो चालू करताच कॉन्फिगर खरोखर डॅशमध्ये चालू लागले आणि इतकी वर्षं झाकलेल्या चुका एकदम वर आल्या. डेबियनने आपल्या पॅकेजमध्ये तो मुद्दाम बंद ठेवला.

हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं अंग वाटतं. सिमलिंक बदलून इतकी वर्षं झाली, सगळे म्हणतात बदल पचला; आणि एक छोटा व्हेरिएबल चालू केला की कळतं, बराचसा कोड डॅशमध्ये कधी चाललाच नव्हता. नेटबीएसडीच्या पीकेजीएसआरसी या पॅकेज प्रणालीने याला थेट उपाय केला आहे: पॅकेज बिल्ड करण्याआधी त्यातल्या स्क्रिप्टमध्ये दोन बरोबर चिन्हांची तुलना शोधायची, आणि सापडली तर बिल्ड तिथेच अडवायचा. कडक वाटतं, पण गप्प चुकीला बोलकं करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

लोकांनी काय केलं

उबुंटूने मार्गदर्शन दिलं होतं आणि ते बरोबर होतं. स्क्रिप्टला बॅश हवा असेल तर पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहा. मेकफाइलला हवा असेल तर वर शेल हा व्हेरिएबल बॅशवर बांधा. यातलं काहीच जमत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून डीपीकेजी-रिकॉन्फिगर चालवून /बिन/एसएच पुन्हा बॅशकडे न्या.

झालं असं की तिसरा उपाय सगळ्यात सोपा असल्याने तोच पसरला. एक कमांड, एक 'नाही', आणि सगळं पूर्ववत. मी त्या माणसांना दोष देत नाही, कारण ज्याला आज संध्याकाळी बिल्ड द्यायचाय तो दुसऱ्याच्या कोडमधल्या स्क्रिप्ट दुरुस्त करत बसणार नाही. पण यात एक नुकसान झालं. ज्याने लिंक फिरवली त्याचं यंत्र बरं झालं, स्क्रिप्ट तशीच राहिली, आणि ती पुढच्या माणसाकडे त्याच अवस्थेत गेली. पुढे काही पुरवठादारांनी तर आपल्या साधनांच्या इन्स्टॉल सूचनांमध्येच 'आधी एसएच बॅशकडे वळवा' असं लिहायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या यंत्रावरच्या प्रत्येक स्क्रिप्टचा शेल बदला, कारण आमच्या एका स्क्रिप्टची पहिली ओळ चुकीची आहे. ती ओळ बदलायला त्यांना सूचना लिहिण्यापेक्षा कमी वेळ लागला असता.

डेबियनची वाट

हाच बदल डेबियनने केला, आणि त्याला कितीतरी जास्त वेळ घेतला. डेबियनच्या धोरणात आधीपासूनच अट होती की /बिन/एसएच म्हणणारी स्क्रिप्ट पॉझिक्सप्रमाणे असली पाहिजे. त्यात मोजक्या सवलती होत्या: इकोला 'वजा एन', फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल, टेस्टमधले आणि-किंवा. नियम कागदावर होता, पण तो पाळला जातोय की नाही हे बॅशमुळे दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी साधनं हाताशी धरली. चेकबॅशिझम्स नावाची स्क्रिप्ट सगळ्या पॅकेजांवर चालवता येत होती. पॉश नावाचा शेल तर मुद्दाम धोरणात आहे तेवढंच चालवणारा. सापडलेल्या प्रत्येक चुकीचा बग संबंधित मेंटेनरकडे गेला, सगळ्या बगांना एकच खूण लावली गेली जेणेकरून किती उरले ते कुणालाही पाहता यावं. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या लेनी आवृत्तीचं हे एक जाहीर उद्दिष्ट होतं. तरी त्या आवृत्तीत लिंक हलवली नाही. ती हलली ६ फेब्रुवारी २०११ रोजी आलेल्या स्क्वीझमध्ये, उबुंटूनंतर चार वर्षांहून जास्त काळाने.

दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या तर डेबियनची सरस, हे उघड आहे. पण त्याबरोबर हेही म्हटलं पाहिजे की डेबियनच्या हाती आलेले कितीतरी पॅच उबुंटूच्या घाईतून निघालेले होते. लाखो यंत्रांवर एसएच डॅश झाल्यावर मूळ प्रोजेक्टांच्या लेखकांनाही ते टाळता येईना. हळू चालणाऱ्याला जो रस्ता साफ मिळाला तो धावणाऱ्याने ठेचा खाऊन साफ केलेला होता.

पुढे काय झालं

बूट लवकर व्हावं हे मूळ कारण कालांतराने मागे पडलं. २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटू दोन्ही सिस्टिमडी या नव्या सुरुवातीच्या प्रणालीवर गेले आणि बूटमधल्या शेल स्क्रिप्ट बऱ्याचशा संपल्या. डॅश राहिला. त्याआधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, स्टेफान शाझेला यांना बॅशमधली शेलशॉक ही त्रुटी सापडली: एन्व्हायर्नमेंटमधून आलेल्या मजकुरातली कमांड बॅश सुरू होतानाच चालवत होता. वेबसर्व्हरवरचा एखादा प्रोग्राम सिस्टिम फंक्शनने बाहेरची कमांड चालवतो, तेव्हा मध्ये /बिन/एसएच येतो; तो डॅश असलेल्या यंत्रांवर ही वाट बंद होती. थेट बॅशचं नाव असलेल्या स्क्रिप्टना ते संरक्षण नव्हतंच. वेगासाठी घेतलेल्या निर्णयाचा असा फायदा २००६ मध्ये कुणी मोजला नसेल.

दरम्यान बॅशचं नाव लिहिणं हा उपायही पुरेसा राहिला नाही. मॅकवर /बिन/बॅश आजही ३.२ आहे, म्हणजे २००६ चा, कारण बॅश ४ पासून परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपलने पुढच्या आवृत्त्या घेतल्या नाहीत. बॅश ४ मधल्या असोसिएटिव्ह ॲरे वापरणारी स्क्रिप्ट तिथे अडते. फ्रीबीएसडीवर बॅश वेगळ्या ठिकाणी बसतो, निक्सओएसवर /बिन/बॅश नसतोच, अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तो आपणहून येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत एन्व्ह वापरून बॅश शोधावा, आणि कोणती आवृत्ती लागते ते स्क्रिप्टने सुरुवातीलाच तपासून स्पष्ट शब्दांत सांगावं, असा माझा आग्रह असतो. अल्पाइनचा आणखी एक धोका: तिथला बिझीबॉक्सचा ॲश दोन बरोबर चिन्हं चालवून घेतो. अल्पाइनवर बिल्ड झाला म्हणून स्क्रिप्ट पोर्टेबल आहे असं समजणं म्हणजे पुन्हा तीच २००६ पूर्वीची चूक.

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत, आम्ही एसएच म्हणणारी प्रत्येक स्क्रिप्ट शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या साधनातून काढतो आणि बिल्ड डॅशवर व बॅशवर असा दोन्हीकडे चालवतो. शेलचेक &> पकडतो, महिरपी कंस पकडतो; पण मेकफाइलच्या रेसिपीत दडलेल्या ओळी त्याला दिसत नाहीत. तिथे डॅशवरचा बिल्ड आणि त्यातून निघालेल्या फाइलींची बॅशच्या बिल्डमधल्या फाइलींशी तुलना, एवढाच मार्ग उरतो. बिल्ड 'पास' झाला हे पुरेसं धरत नाही; बनवलेली हेडर आणि कॉन्फिगरने चालू-बंद केलेल्या वैशिष्ट्यांची यादी दोन्हीकडे सारखी आहे का, ते पाहतो. बाहेरचं एखादं एसडीके एसएच बॅश हवा म्हणून अडून बसलं, तर त्यासाठी वेगळा कंटेनर ठेवतो आणि लिंक तिथल्या तिथे फिरवतो, यंत्रावर नाही.

जून २०२४ मध्ये पॉझिक्सची नवी आवृत्ती आली आणि पाइपफेल हा पर्याय अखेर प्रमाणात शिरला. बिल्डच्या दृष्टीने ही मोठी सोय: मेकचं आउटपुट 'टी' या कमांडीतून लॉगमध्ये घालताना मेक अयशस्वी झाला तरी टी यशस्वी म्हणून पूर्ण ओळ यशस्वी ठरायची, ते यामुळे थांबतं. पण यंत्रांवरचे शेल प्रमाणाच्या वेगाने बदलत नाहीत. जुन्या डॅशवर पाइपफेलची ओळ आली की तो 'चुकीचा पर्याय' म्हणून स्क्रिप्ट तिथेच संपवतो, एक्झिट कोड २ देऊन. आमच्या एसएच स्क्रिप्टमध्ये ती ओळ मी तरीही ठेवली आहे, सगळ्यात वर, पहिलं काम सुरू होण्याआधी. ज्या यंत्रावर तिचा आधार नाही तिथे बिल्ड सुरूच होत नाही, आणि का होत नाही ते पहिल्याच ओळीत वाचायला मिळतं.